‘बेस’ म्हणजे चांगलं

जुबेदाभाभींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडून एवढंच आलं, “अक्का, गेले ते. बेस झालं.” आमच्याकडे ‘बेस’ म्हणजे चांगलं. नवरा गेल्यावर बायको असं म्हणते, हे कुणाला कठोर वाटेल. मला नाही वाटलं. लकव्यानं डावं अंग गेलेला, मग हळूहळू घास गिळणंही जड झालेला माणूस पहाटे झोपेतच सुटला होता. मला रडू आलंच, पण त्याआधी हुश्श झालं. लपवायचं कशाला?

भाभींचे बशीरभाई आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार वाजवायचे आणि मी साधी गिटार. दिवसा उचगावात त्यांचं साउंड सिस्टिमचं दुकान, माझी शाळा; संध्याकाळी लग्नं, वाढदिवस, गणपती. मूळचे कर्नाटक सीमेकडच्या नेसरीचे, त्यामुळे माझ्यापेक्षा कितीतरी मोठे असूनही मला ‘अक्का’च म्हणायचे. बोलणं असं की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं, आणि वाजवणं असं की शेजारी उभं राहूनही शोधावं लागावं. एका लग्नात एका म्हाताऱ्या पावण्यानं त्यांना विचारलं, “काय वाजवतासा?” हे म्हणाले, “बेस.” “बेस वाजवतासा ते कळलं की! पर वाजवतासा काय?” हा किस्सा ते दर कार्यक्रमाला सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

आमचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. शब्द आमच्या गायकाचे, चाल माझी. गाण्यातली बाई म्हणते, ये, दार उघडंच आहे. पहिल्या तालमीला त्या ओळीवर मी ‘सी’ कॉर्ड धरली, तीन सूर एकत्र, मोकळे-उजळ, आणि बशीरभाईंनी खालून ‘ए’चा जाड सूर लावला. उजेडातल्या ओळीवर एकदम मळभ आलं. मी थांबले. म्हटलं, “चुकलासा.” “चुकलो न्हाय. तुमी हाय तितंच ऱ्हावा. ताट तुमचंच हाय, मी नुस्ता खालचा पाट बदलला.” चाल माझी, आणि हे पाट बदलणारे कोण! मी चांगली भांडले. मग पुन्हा वाजवून बघितलं. माझी बोटं होती तिथंच होती, शब्दही तेच, पण आता ऐकणाऱ्याला कळत होतं की दार उघडं आहे आणि येणारा येणार नाही... भांडण तिथंच मिटलं.

बशीरभाईंच्या लकव्यानंतर आमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेसचं काम भागवू लागला. पोरगा गुणी, पण मी जाईन तिथं माझ्या मागोमाग. मी ‘सी’ वाजवली की तोही ‘सी’. बशीरभाईंनी मोबाइलवर ते ऐकलं आणि भडकले. “ह्यो बेस न्हाय, पाठलाग हाय! तुमी म्हनायचं तेच त्यानं म्हनायचं, तर दोघं कशाला पायजेत?” मग आवाज उतरला. त्यांचा आवाज उतरलेला मी प्रथमच ऐकला. “मी जातोय त्याचं काय न्हाय, अक्का. पर त्यो ‘ए’ माझ्यासंगट जायला नको.” मी म्हटलं, लिहून घेते. तर म्हणाले, “सूर लिवशीला. कवा गप बसायचं ते कसं लिवशीला?”

तोड काढली भाभींनी. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “त्यांचा उजवा हात हाय, तुमचा डावा हाय. झालं की.” मग मी बशीरभाईंच्या कॉटवर त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, बेस गिटार दोघांच्या मांडीवर. तारा मी दाबायच्या, छेडायच्या त्यांनी, आणि माझी आधी रेकॉर्ड केलेली गिटार मोबाइलवर लावायची. तिची कॉर्ड बदलली की माझी बोटं सवयीनं हलायची; हे छेडायचेच नाहीत. “दाबा की किती बी. मी वाजवतोय कुटं?” त्या कॉटवर मी माझी गिटार पहिल्यांदा खालून ऐकली. अगं बाई, किती बोलते ही बया! श्वास घ्यायला थांबत नाही. बशीरभाई ड्रमचा ठोका धरून चालायचे आणि गिटार थांबेल त्या फटीत दोन सूर ठेवायचे. मी फटच ठेवायची नाही, तेव्हा कार्यक्रमात ते बोटं आवरून उभे राहायचे. इतकं मोठ्यानं बोलणारा माणूस स्टेजवर माझ्यासाठी एवढा गप्प राहिला होता! आणि ‘ए’ची जागा आली की म्हणायचे, “हात काढा.” ती मोकळी तार. तिला डावा हात लागत नाही. तेवढा एक सूर त्यांचा एकट्याचा.

मी गिटार नव्यानं वाजवली, निम्मी गाळून. दाराच्या ओळीवर ‘सी’ एकदाच छेडायची आणि सोडून द्यायची. आम्हा दोघांचा मिळून तो बेस गायकानं त्याच कॉटजवळ रेकॉर्ड केला, आणि कीबोर्डवाल्याला समोर बसवून सगळं पुन्हा पुन्हा ऐकवलं. कुठं गप्प बसायचं हे त्याला कळलं, तसे बशीरभाई डोळे मिटून म्हणाले, “आता मी मोकळा.” भाभींनी त्यांना दटावलं, पण हसत. त्यानंतर काही आठवड्यांनी तो फोन आला.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला उचगावला त्यांच्या घरी गेले. कॉट झाडूनपुसून ठेवलेली, आणि बेस गिटार तिच्यावर आडवी, डावीकडं एका माणसाची जागा सोडून. सवयीनं मी तिथंच बसले. भाभी फडक्यानं गिटारवरची धूळ पुसत होत्या. फडकं अडकलं आणि जाडीकडून दुसरी, तीच मोकळी तार वाजली. ‘ए’. खोलीभर, सावकाश... माझ्या डाव्या हातानं हवेतच ‘सी’ धरली.

भाभी दचकल्या. “बिघडलं का वो काय?”

“न्हाय, भाभी,” मी म्हटलं. “बेस हाय.”