दाताच्या खुर्चीवरचा चष्मा

लहान मुलांच्या दातांचा दवाखाना चालवला की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. रात्री जेवताना सांगायला लागले की नवरा म्हणतो, "दात-दाढा जेवणानंतर!" म्हणून तुम्हाला सांगते.

मी अमरावतीची. गुरुवारी अकोल्यालाही बसते. आमच्याकडे लेकराचा दात काढायची जुनी रीत म्हणजे बापानं पाय धरायचे, मामानं हात धरायचे आणि आईनं बाहेर बसून रडायचं! मला त्या रीतीची भयंकर चीड आहे. माझ्या खुर्चीवर एकाही लेकराला दाबून धरायचं नाही, एवढाच माझा हट्ट. त्यासाठीच मी व्हीआर हेडसेट घेतला. डोळ्यांवर चढवला की चारी बाजूंना समुद्र नाहीतर जंगल दिसतं, आणि खुर्चीचा विसर पडतो. मुलं त्याला चष्माच म्हणतात.

*

पहिला मानकरी भातकुलीचा ओम, वय सहा. समुद्र लावून दिला, मासे फिरायला लागले, पोट्टं खूश! मी दाढेला हात लावणार, तर याचे गाल फुगलेले आणि चेहरा लालबुंद.

"अरे, श्वास काहून रोखला?"

फुस्सकन हवा सोडून ओरडला, "पाण्यात हाय न मी!"

माझी सहायक नंदाताई भारी हजरजबाबी. म्हणाली, "तुह्या पाठीवर हवेची टाकी बांधली न मी. घे बिनधास्त श्वास."

ओमनं लगेच विश्वास ठेवला. दाढ भरून झाली, चष्मा उतरला, बाप त्याला घेऊन निघाला. दारापर्यंत गेलेला ओम परत आला आणि नंदाताईकडे पाठ करून उभा राहिला.

"ताई, टाकी काढून घ्या न!"

*

सेमाडोहच्या सोनूचे वडील पर्यटकांना जिप्सीतून जंगल दाखवतात. तिला मी मुद्दाम जंगल लावलं. थोड्या वेळानं तिनं एकदम हात वर केला.

"चुप! हरीण ओरडून राहिलं. म्हंजे वाघ हाय."

आम्ही सगळे चिडीचूप! नंदाताईनं तर पंखाही बंद केला. त्या शांततेत मी माझं काम उरकून घेतलं. सोनू वाघाची वाट पाहण्यात इतकी गुंग, की तिला पत्ताच नाही.

चष्मा काढल्यावर तिनं आमच्याकडे पाहिलं आणि बापाच्याच आवाजात समजावलं, "वाघ नाही दिसला तर पैसे वापस भेटत नाही, बरं का!"

*

धामणगावचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातवाचं झालं, तर म्हणाले, "माहा एक दात हालून राहिला. मलेबी लावा तो चष्मा."

लावला. फुग्यात बसून शेतांवरून उडण्याची फिल्म होती. मी इंजेक्शन दिलं, दात काढला, कापूस ठेवला. आजोबा हूं की चूं नाही. मी चष्म्याला हात घातला तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

दातांत कापूस दाबून म्हणाले, "थांब व बाई. पीक झकास हाय, पन तन माजलं, निंदण नाही केलं कोणी. पार शेताच्या धुऱ्यापर्यंत पाहून येतो!"

*

अकोल्यात एक आई मुलाचा हात धरून दर मिनिटाला विचारायची, "दुखलं का? बाळा, दुखलं का?" मुलगा बरा होता, पण आईचं ऐकून ऐकून रडकुंडीला आला. शेवटी नंदाताईनं चष्मा उचलून आईलाच चढवला.

"अगं बाई! केवढे मासे!" म्हणत आई गप्प.

मुलानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आ केला आणि मला हळूच म्हणाला, "मॅडम, करा लवकर. आई बाहेरगावी गेली तोवर!"

*

आणि गौरी. सात वर्षांची, अकोल्याजवळ भाजीची बागाईत करणाऱ्यांची मुलगी. दाढ सडून गाल सुजलेला, जेवण बंद. दोनदा आली आणि तोंड न उघडताच परत गेली. आता नाही उघडलं तर मोठ्या दवाखान्यात नेऊन भूल द्यावी लागणार होती. तिचा बाप दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मागं दुसरीकडं मीच धरलं होतं तिले, मॅडम. भल्ली ओरडली. तवापासून माह्याजवळ झोपत नाही."

मी चष्मा पुढे केला. गौरीनं मान हलवली.

"नको. डोये झाकले का मंग तुमी पकडसान."

खरंच की! एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मग मीच खुर्चीत बसले, चष्मा चढवला आणि दात तपासायचा छोटा आरसा तिच्या हातात दिला. मला नुसते मासे दिसत होते. ती कुठे आहे, काय करणार आहे, काही कळेना. छाती धडधडायला लागली, खोटं कशाला सांगू!

"आ करा," कानाशी आवाज आला. थंडगार आरसा माझ्या दातांवरून फिरला. "भेऊ नका मॅडम. कोणी नाही पकडत तुमाले."

माझे डोळे भरून आले. बरं झालं, चष्मा होता!

थोड्या वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. "उतरा. माहा नंबर."

खुर्चीत चढली आणि बापाला म्हणाली, "तुमी हात खिशात टाका."

त्यानं टाकले. मग तिनं स्वतःच चष्मा चढवला. मी काम सुरू केलं. सुईच्या वेळी तिचे पाय ताठ झाले, पण तोंड मिटलं नाही. बाप भिंतीला टेकून उभा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसायलाही त्यानं हात बाहेर काढला नाही.

दाढ निघाली. गौरी उतरली, बापासमोर जाऊन उभी राहिली. गाल बधिर, बोलणं बोबडं.

"काढा आता तुमचा हात, बाबा," ती म्हणाली. "अन् धरा माहा."