जाऊ हॉलंडला गेली

माझी धाकटी जाऊ हॉलंडला गेली आणि मी गेले नाही, ही गोष्ट मला आजही शांतपणे सांगता येत नाही. सांगायला बसले की आवाज चढतोच. चढू दे.

आमच्या पनवेलात तेव्हा एक मंडळ निघालं होतं. परदेशी पाहुण्यांनी हॉटेलात न उतरता सभासदांच्या घरी राहायचं, आपल्यासारखं खायचं-प्यायचं, आणि मग कधीतरी आपण त्यांच्या घरी जाऊन राहायचं. ई-मेल बघायला सायबर कॅफेत जावं लागायचं, त्या काळातली गोष्ट. मी हौसेने नाव घातलं. पासपोर्ट काढला, आल्यागेल्याला दाखवला. एकदा विमानात बसायचं आणि परक्या देशात कुणाच्या तरी घरात सकाळी जागं व्हायचं, एवढं एकच मनात होतं. जावेला मंडळात मीच आणलं. आपल्या पायावर धोंडा आपणच पाडून घ्यायचा, तो असा.

जाऊ लातूरकडची. कॉलेजात शिकवायची, करंजाड्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायची. इंग्रजी फाडफाड. स्वयंपाकाच्या नावाने मात्र आनंदीआनंद.

हॉलंडचं एक साठीचं जोडपं यायचं ठरलं. तीन दिवस माझ्याकडे, तीन दिवस तिच्याकडे. त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी खोली एकच होती आणि त्यात पलंगही एकच. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आम्हा दोघींपैकी एकीलाच बोलावणं येणार, हे आधीच माहीत होतं.

मग काय, मी पदर खोचला. भरली वांगी, वालाचं बिरडं, अळूवडी, कोथिंबीर वडी, सोलकढी. एक पदार्थ दुसऱ्यांदा केला नाही. पोळी तव्यावरून थेट ताटात, टम्म फुगलेली. ते दोघं, आमचे हे आणि सासरे टेबलाशी, मी आत. सगळ्यांचं झालं की मग माझं पान. पाहुण्यांच्या पंक्तीला घरची बाई बसली तर वाढणार कोण? दुसऱ्या दिवशी ती गोरी बाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. लाटण्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘नो नो, यू सिट, यू गेस्ट.’ हाताला धरून बाहेर खुर्चीवर नेऊन बसवलं. किती छान वागले मी, असं वाटलं होतं मला!

चौथ्या दिवशी ते जावेकडे गेले. तिथल्या बातम्या मला आमच्या कोळणीकडून कळल्या. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, ‘ताई, तुमची गोरी पावनी आलती बाजारात जावंसंगती. बोंबील साफ करून बगत व्हती. तुमी नाय आल्या?’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग कळलं, जावेने तिला कांदे चिरायला लावले. पाहुणीला! एक दिवस तर दुपारी जेवण म्हणून ब्रेड आणि आम्लेट. शेवटच्या दिवशी कर्नाळ्याची सहल, तिथे तासन्‌तास पक्षी बघत गप्पा. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, बाईसाहेबांची फजिती होणार आता.

महिन्याभराने मंडळाच्या सभेत त्यांचं पत्र आलं. अध्यक्षांनी ते आधी इंग्रजीत वाचलं आणि मग, खास माझ्यासाठी, मराठीत. पहिलं घर सुंदर, जेवण तर असं आयुष्यात कधी जेवलो नाही. पण घरच्या बाईंची आणि आमची भेट झालीच नाही. आमच्या येण्याचा त्यांना त्रास झाला असावा, त्याबद्दल क्षमा मागतो. दुसऱ्या घरच्या बाईंनी आमच्याकडे अवश्य यावं.

चाळीस माणसं होती सभेत. मी हसत राहिले. चेहरा दुखेपर्यंत हसले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्याही वाजवल्या.

खरं सांगू? पोळ्यांचं एक निमित्त होतं. मला इंग्रजीची भीती वाटत होती. टेबलाशी बसले असते तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी गॅसपाशी उभी राहिले आणि त्याला पाहुणचार म्हटलं. हे मला सभेतच कळलं होतं, पण कळून जळणं थोडंच थांबतं? जाऊ नवीन सूटकेस दाखवायला आली की मला ताप आल्यासारखं व्हायचं. ती स्वेटर घ्यायला बरोबर चला म्हणाली, मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

जायच्या आठवड्यात ती वही घेऊन आली. तिकडे एक दिवस तिला आपल्याकडचं जेवण करायचं होतं. ‘वहिनी, तुमचं वालाचं बिरडं सांगा ना. त्यांना फार आवडलं होतं.’

मी कडवे वाल बांधून दिले, मसाला दिला, आणि कृती सांगितली. रात्रभर भिजव, फडक्यात बांध, मोड आण, फोडणीला घाल, ओलं खोबरं, आमसूल, गूळ. ती एकेक शब्द लिहून घेत होती. मोड आल्यावर वाल कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा असतो. सोलल्याशिवाय त्याला बिरडं म्हणतच नाहीत, सालासकट खाल तर चामडं चावल्यासारखं लागतं. ते मी सांगितलं नाही.

‘एवढंच ना, वहिनी?’

‘एवढंच.’

तीन आठवडे मी त्या जेवणाचा विचार करत होते. पाहुणे घास तोंडात धरून बसलेत, जाऊ लाजेने लाल झालीय, आणि त्या गोऱ्या बाईला माझी आठवण येतेय. किती गोड वाटायचं ते! लाजही वाटायची, पण गोडी जास्त होती.

ती परत आली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आली. चॉकलेटं दिली, तिकडचे फोटो बाहेर काढले. एका फोटोत मोठ्या टेबलाभोवती आठ-दहा गोरी माणसं बसलेली, आणि सगळ्यांच्या पुढ्यात वाल. सोलत होती सगळी. ती बाई तर खो-खो हसत होती.

मी विचारलं, ‘सोलायचे असतात हे तुला कोणी सांगितलं?’

‘दर श्रावणात तुम्ही परात घेऊन बसता ते दिसत नाही का मला, वहिनी?’

‘मग त्या दिवशी बोलली का नाहीस?’

तिने पर्समधून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, ‘दोन तास सोलत होतो आम्ही सगळे. बोटं दुखायला लागली तेव्हा मी त्यांना सांगितलं, तुम्ही येणार म्हणून माझ्या जावेने एकटीने एवढं सोललं होतं. तुमच्यावर रागावली नव्हती ती, इंग्रजीला बुजली होती. ते ऐकून ती बाई रडलीच हो. पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावलंय. भाषा नाही आली तरी चालेल, असं लिहिलंय.’

मला जे हवं होतं ते पाकिटात होतं. मी त्याला हात लावला नाही.

‘मी तुला सोलायचं मुद्दाम सांगितलं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘ते त्यांना सांगितलंस?’

‘नाही.’

‘का?’

‘मग त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं का?’ ती म्हणाली आणि चपला घालायला उठली.

तिच्या इंग्रजीचा, सूटकेसचा, हॉलंडचा, सगळ्याचा मी हेवा केला होता. पण ती दारातून बाहेर पडली त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.