डोलन साहेबाचा खांदा घेऊन चाकणला

हावड्याहून चाकणला जायचं तर नागपूरवरून जाणारी मेल धरा आणि कल्याणला उतरा. मुंबईपर्यंत जाऊ नका, उगाच फेरा पडतो. आता हे सहज सांगतोय, पण त्या थंडीत गाडी हलली तेव्हा मला घाम फुटला होता. पुढच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात डोलन साहेब बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळं बधिर झाली होती, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी मूळचा चाकणचा. चौथीत शाळा सोडली, पुढं तालीमही सोडली, आणि भटकत भटकत कलकत्त्यात गोऱ्यांच्या एका क्लबात मालीशवाला झालो. तिथं रग्बी खेळतात. हुतुतू आणि कुस्ती एकत्र कालवल्यासारखा खेळ. अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचं, बाकीच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं. डोलन साहेब तागाच्या कंपनीत कामाला, पण त्याआधी आयर्लंड देशाकडून चार सामने खेळलेला. त्या संघाचा हिरवा सदरा अजून त्याच्या ट्रंकेत होता, डांबरगोळ्यांत. आणि मायदेशाहून पत्र आलं होतं, की संघाची निवड आहे, येऊन खेळून दाखव. जहाजाचं तिकीटही निघालं.

त्याच आठवड्यात खेळताना त्याचा खांदा निखळला. डॉक्टर यायला वेळ होता. साहेब दात आवळून मातीत पडलेला. मी धावलो, त्याच्या काखेत टाच रोवली आणि तालमीत बघितलं होतं तसा हात ओढला. खट् झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबानं मला मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. दुसऱ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, पडताना शीर दबली, धीर धरा. पण मी ओढण्याआधी ती बोटं हलत होती, हे मीच बघितलं होतं.

आमच्या तालमीत एक रीत आहे. वस्ताद मनगटाला काळा दोरा बांधतो, त्यानंतरच दुसऱ्याच्या हाडाला हात लावायचा. मी दोऱ्याआधीच पळालो होतो. वस्ताद गुपचूप बरं करील, कुणाला कळणार नाही, असं वाटून मीच साहेबाकडं त्याची तारीफ केली होती, आणि साहेब चाकणला यायला तयार झाला.

नागपूरला संत्री जरूर घ्या, थंडीत गोड असतात. मी खिडकीतून चार दिली. साहेबाला एकही सोलता येईना. मी सोलून देत होतो आणि तो मोडक्या हिंदीत आपला पहिला सामना सांगत होता. पाऊस, चिखल, पुढचा एक दात गेला, आणि बघायला आलेला बाप शेवटपर्यंत उभाच राहिला, खाली बसला नाही. "एक बार और," तो म्हणाला. एकदा तरी तो सदरा पुन्हा घालायचा होता त्याला. मी फोडी मोजत मान खाली घातली.

कल्याणला पुण्याची पॅसेंजर मिळते. घाटात बोगदे लागले की दिवे नसलेल्या डब्यात काळोख होतो. दर बोगद्यात मला वाटायचं, उजेड आला की साहेब खिडकीतून डोकं काढून विचारणार, हात तूच बिघडवलास ना?

तळेगावला उतरून एसटी. दिवसातून दोनच फेऱ्या, तेव्हा स्टेशनावरच जेवून घ्या. पिठलं-भाकरी चांगली मिळते. साहेबाला एका हातानं भाकरी मोडेना. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय राव, साहेब चाकणच्या बाजारात कांदा इकाया निघाला का?" सगळी गाडी हसली. अर्थ न कळता साहेबही हसला.

आमचा उस्मान वस्ताद चाकणच्या किल्ल्याच्या पडक्या तटाशी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवतो. त्यानं हात धुतले, डोळे मिटून खांदा चाचपला.

"कुनी वढला ह्यो?"

"डाक्तरनं," मी म्हणालो.

"ह्यो आपल्या तालमीचा हिसका हाय." त्यानं माझं मनगट धरून उलटं केलं. घड्याळ होतं, दोरा नव्हता. "आदी त्येला सांग. मग मी हात लावतो."

"क्या बोलता?" साहेबानं विचारलं.

तेव्हा काहीही सांगता आलं असतं. साहेबाला मराठी येत नाही, वस्तादाला हिंदी बेताची. पण वस्तादानं माझं मनगट सोडलं नव्हतं. मी हिंदीत सगळं सांगितलं. घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवलं.

साहेबानं घड्याळाला हात लावला नाही. मग एकच विचारलं, डॉक्टर किती वेळानं आला होता? अर्ध्या तासानं, मी म्हणालो. त्यानं अंगातला सदरा उतरवला आणि खांदा वस्तादापुढं केला.

तीन दिवस गरम तेल झालं. निघताना वस्ताद म्हणाला, "हाड बसलंय. शीर कवा उठंल ते मला सांगता याचं न्हाई. ह्या हातात इतक्यात चेंडू न्हाई." हेही मी शब्दन्‌शब्द सांगितलं. वस्ताद पैसे घेत नाही, तेलाची बाटली आणि नारळ न्यावा.

परत येताना कांद्याच्या लॉरीनं चिंचवड स्टेशनवर सोडलं. पलीकडं पिंपरीत औषधाच्या नव्या कारखान्याच्या परांच्या दिसत होत्या. बाकावर साहेबानं मला कागद दाबून धरायला सांगितलं आणि डाव्या हातानं मायदेशी पत्र लिहिलं, की निवडीला येत नाही. चारच ओळी, पण पॅसेंजर येईपर्यंत पुरल्या.

आता कलकत्त्यात रोज सकाळी मालीश झाली की साहेब उजवा हात पुढं करतो. मी त्यात चेंडू ठेवतो. तो निसटतो, मी उचलून पुन्हा ठेवतो. घड्याळ त्यानं परत घेतलं नाही. ते बाकावर ठेवून आम्ही चेंडू किती वेळ टिकतो ते बघतो, आणि काटा सरकताना मला अजून त्या बोगद्यांत व्हायचं तसं होतं.