शेलारकाकांची सुरगाठ

शेलारकाका कुणालाही त्याच्या झोळीत आधी पडू द्यायचे नाहीत. "थांबा, आधी मी पडतो. मोडलं तर म्हाताऱ्याचं मोडू दे," म्हणत चपला काढून आत शिरायचे, दोन झोके घ्यायचे आणि मगच माणसाला स्वतःची झोळी परत मिळायची.

मी अकोल्याचा. पुण्यात कर्वेनगरला खोलीत एकटा, काम घरूनच. कधीकधी दोन-दोन दिवस "ऐकू येतंय का?" याखेरीज तोंडातून शब्द निघायचा नाही. झाडांना झोळ्या टांगून शनिवारी मुक्कामाला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे असं समजलं, तेव्हा झोळीपेक्षा माणसांसाठीच गेलो, खोटं कशाला बोलू! आणि जाऊन काय केलं? पानशेत रस्त्याच्या त्या आमराईत सगळ्यांपासून चार झाडं लांब, कोपऱ्यात झोळी बांधली. तीही ताठ.

"काय हो अकोला, धुणं वाळत घालायचं हाय का?" म्हणत काका आले, झोळीत शिरले आणि पुढच्या क्षणी जमिनीवर. सगळे हसले, सर्वांत जास्त ते स्वतः. "ढील द्या, ढील! आन् सरळ नाय, तिरकं पडायचं. पाठ आपोआप सपाट होती." माझी मात्र निरगाठ बसली होती. ती सोडवताना त्यांचं नख उचकटलं. "गाठ अशी मारावी, की एका हिसक्यात सुटावी. दोर कापायची पाळी आणतो तो अडाणी," एवढंच म्हणाले.

काका मूळ बिबवेवाडीचे. सगळा जन्म मार्केट यार्डात ट्रकवर माल बांधण्यात गेला. दुपारी उभ्या ट्रकखाली झोळी टांगून झोपायची सवय. काकू गेल्यावर पलंगावर डोळा लागेना, म्हणून या ग्रुपात आले. "घरात पाच माणसं आन् पाच दारं. कुणाचं वाजवायचं?" असं एकदाच बोलले आणि लगेच चहाचं बघायला उठले.

त्या दिवसापासून त्यांच्या झोळीचं एक टोक कायम माझ्या आंब्याला. "शेजार असावा माणसाला," म्हणायचे. सकाळी हाक नाही, माझ्या दोराला हिसका. "उठा, चहा झालाय." मला उठवणारं पुण्यात तेवढं एकच माणूस होतं.

एका गुरुवारी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. शनिवारी भेटणारच आहोत, म्हणून उलट फोन केला नाही. शुक्रवारी ग्रुपवर निरोप आला, काका गेले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. काय सांगायचं होतं त्यांना, हे आता कुणाला विचारू?

काकांच्या घरी गेलो. मुलगा सभ्य होता. "आपण बाबांचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

त्या इमारतीत त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, तरी आत घेतलं. गॅलरीत झोळी टांगलेली होती. म्हणजे घरीसुद्धा ते तिथेच झोपायचे. "ही सुटतच नाही हो. ओढावी तशी घट्ट होते. शेवटी कात्री आणली," मुलगा म्हणाला.

"थांबा, कापू नका."

मोकळं टोक काका नेहमी आत खोचून ठेवायचे. ते शोधलं आणि हिसका दिला. गाठ सुटली, झोळी माझ्या हातात आली.

इतक्या सहज सुटायला नको होती हो, काका.