पन्नाशी झाली का?

"पन्नाशी झाली का?" नवा माणूस दिसला की बाबांचा हा पहिला प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत हात पांढऱ्या मिशीवर. असा एखादा म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेलच.

तिसगावजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे ते पंच; सगळं गाव त्यांना बाबाच म्हणे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, रॉकेलची मारामार असताना, मी तिथे शाळामास्तर म्हणून गेलो. शाळेतच होणारी रविवारची उपासनाही माझ्याच गळ्यात पडली. माझं वय बावीस.

पहिल्याच रविवारी मी बोलायला उभा राहिलो, तसे बाबा घोंगडी उचलून बाहेर कडुलिंबाखाली गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. निम्मी मंडळी त्यांच्यामागे.

"शुभवर्तमानातच हाय, मास्तर," ते मला म्हणाले. "लोकांनी प्रभूलाबी इचारलं, तुजी पन्नाशी न्हाई अन् तू अब्राहामाला पाह्यलं व्हय? प्रभूला सुटका न्हाई, तितं तुमी कोन?"

अब्राहाम हा त्या विचारणाऱ्यांचा शेकडो वर्षांपूर्वीचा मूळपुरुष; त्यांचा प्रभूवर विश्वासच नव्हता, हे बाबांच्या गावीही नव्हतं. बाबांच्या लेखी वडीलधाऱ्यांनी विचारलं म्हणजे रास्तच विचारलं. मला हसूही येई आणि रडूही, कारण मंडळी अशीच फुटलेली राहिली तर मिशन मला नगरला परत बोलावणार होतं.

शेवटी एका रविवारी मीच लिंबाखाली गेलो आणि घोंगडीशेजारी मातीत बसलो.

"बाबा, बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुमची पन्नाशी झाली होती?"

"छ्या. मिसरूड फुटत हुतं."

"मग तुमचे वडील काय म्हणाले?"

मिशीवरचा हात खाली आला.

"म्हनले, कालचं पोर बापाला द्येव शिकवतंय. मरंस्तवर माज्याकडं पाठ करून बसले." मग हळूच म्हणाले, "मास्तर, प्रभूवर दगड उचलले, ते ह्येच इचारनारे न्हवं?"

"हो."

"मंजी मी त्येंच्यात बसलोय."

ते उठले. घोंगडी झटकली आणि आत नेऊन माझ्या जागी अंथरली. "ह्यावर हुबं ऱ्हावा. प्रभू अब्राहामाच्याबी आदी हाय. तितं आपली पन्नाशी काय मोजायची?" स्वतः उघड्या जमिनीवर बसले, माझ्याकडे तोंड करून. त्यांच्यामागची मंडळीही आत येऊन बसली आणि मी बोलू लागलो.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माझीच पन्नाशी उलटली. परवा नगरहून एक मुलगी उपदेशाला आली, जेमतेम विशीतली. मागून कोणीतरी तिचं वय विचारलंच. मी शाळेच्या पेटीतून बाबांनी माझ्यासाठी ठेवलेली घोंगडी काढली आणि तिच्या पायांखाली अंथरली.