ताई, आता तरी ओळख दाखवा

ताईंच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या सूनबाईंना अर्धं गाव ओळखतं आणि त्या कुणालाच ओळखत नाहीत. दुकानांच्या पाट्या वाचत चालतात." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ताईंना वीस वर्षांत उलगडलं नव्हतं. पण गोष्ट खरी होती. ताई आरोग्य केंद्रात समुपदेशक होत्या आणि खोलीबाहेर कुणालाही आपणहून ओळख दाखवत नसत. काल समोर बसून रडलेलं माणूस आज भाजीवाल्याकडे भेटलं, तर ताई खाली मान घालून कांदे निवडत राहत. त्यानं हाक मारली तरच बोलायचं. नाहीतर शेजारीण विचारणारच, हिची आणि तुझी ओळख कशी?

पुस्तकात वाचायच्या आधीच त्या हे शिकल्या होत्या. लहानपणी घरात मामा असत. दिवसचे दिवस गप्प, मध्येच भिंतीशी बोलणारे. पाहुणे आले की मामांच्या खोलीला बाहेरून कडी लागे आणि ते काम चुणचुणीत भाचीकडे असे. मामा आतून हळूच म्हणत, "लाव बाळा, मी आवाज नाही करत." मामा गेले, पण ते वाक्य ताईंच्या कानातून गेलं नाही. हे काम त्यांनी पत्करलं ते त्या कडीपायी.

एके दिवशी बसचालकाची बायको केंद्रात आली. बावीस वर्षं बस चालवलेला, नाकावर माशी बसू न देणारा तिचा नवरा आठ महिने घराबाहेर पडला नव्हता. एक सायकलवाला बससमोर घसरून पडला, त्यानं वेळेत ब्रेक दाबला, सायकलवाल्याचं फक्त कोपर खरचटलं. पण तेव्हापासून याचा उजवा पाय थरथरायचा. आता आगाराचं पत्र आलं होतं, तीन महिन्यांत बस चालवून दाखवा, नाहीतर नोकरी गेली.

ताई घाईनं त्याच्या घरी निघाल्या आणि घाईतच चुकल्या. नेहमी पायी जाणाऱ्या ताई त्या दिवशी केंद्राच्या गाडीतून गेल्या. गाडीच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरं, 'मानसिक आरोग्य सेवा'. गाडी दारात थांबली, गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि बसचालकानं घराचं दार आतून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आता तर ते खिडकीशीही येत नाहीत. पुन्हा एकदा आपल्याच हातानं कडी लागली होती.

पुढच्या आठवड्यात त्या बसनं गेल्या. बंद दाराबाहेर पायरीवर बसून म्हणाल्या, चूक माझी, ती गाडी आणायला नको होती. दार बंदच राहिलं. मग कंबर चोळत त्या बायकोपाशी कुरकुरल्या. यांच्या जागी आलेला नवा चालक पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर पाडतो.

दाराआडून आवाज आला. "तिथं तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायची असते. चौथ्यात घेत असेल गाढव."

मग दर आठवड्याला ताई त्याच बसनं जाऊन नव्या तक्रारी आणू लागल्या. चालक आतून नव्या चालकाचा उद्धार करी. तिसऱ्या खेपेला दार किलकिलं झालं. पाचव्या खेपेला तो पायरीवर येऊन बसला. सातव्या खेपेला दोघं बसमध्ये पहिल्या बाकावर होते आणि प्रत्येक वळणाला त्याचा पाय रिकाम्या फळीवर दाबला जाई, थरथरे. थरथरू दे, असं ताईंनी सांगितलं होतं.

टाकीच्या वळणावर तो एकदम म्हणाला, "ब्रेक लागला नसता तर?"

इतके महिने हेच एक वाक्य त्याच्या छातीवर बसलं होतं.

"लागला," ताई म्हणाल्या. "तुमच्याच पायानं लावला."

त्यानं पायाकडे पाहिलं, जणू तो पाय इतके दिवस कुणा परक्याचा होता. पुढच्या सोमवारपासून तो आगाराच्या मोकळ्या आवारात सरावाला जाऊ लागला. मुदत संपायला चार दिवस उरले असताना त्यानं बस चालवून दाखवली.

महिन्याभरानं ताई सासूबाईंना घेऊन टाकीजवळच्या थांब्यावर उभ्या होत्या. बस आली. चालवायला तोच. ताईंनी लगेच समोरच्या शिंप्याच्या पाटीवर नजर लावली आणि मुकाट्यानं चढल्या. वाहकानं दोनदा घंटा वाजवली, बस हलेना.

चालक मागे वळला. "ताई, आता तरी ओळख दाखवा." मग भरलेल्या बसकडे पाहून म्हणाला, "आठ महिने मी घरात कोंडून घेतलं होतं. या बाईंनी मला बाहेर काढलं. कुणाच्या घरी कुणी असं बसलं असेल, तर आरोग्य केंद्रात मागची खोली यांची."

"जाहिरात झाली असेल तर निघूया का?" वाहक म्हणाला आणि बसभर हशा पिकला.

ताईंनी मान वर केली. ओळख दाखवायची सवय नसल्यानं त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. मागच्या बाकावरची एक बाई पुढे वाकून हळूच विचारत होती, कुठली खोली म्हणाले ते? ताईंच्या आधी सासूबाईच सांगू लागल्या, डावीकडची, निळ्या दाराची, आणि दार उघडंच असतं हो.

बस वळणावर आली. तिसऱ्या गिअरमध्ये. मधल्या वाटेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं दांडासुद्धा धरला नव्हता. तो जागचा हलला नाही.