शेषरावमामांची वाट

गोरेगावात घर घ्यायचं तर माणूस पाणी बघतो, शेजार बघतो. शेषरावमामांनी घर घेतलं ते वाटेसकट. रामप्रसादजी विकत होते ते घर बाजाराच्या रस्त्याला लागून, अन् त्याच्या बाजूनं मागं आमच्या चार घरांकडं येणारी वाट. ती सरकारी न्हाई, त्या घराच्याच मालकीची. पण खरेदीखतात साफ लिहिलं होतं, मागच्यांची वाट कधी अडवायची न्हाई अन् दुरुस्त ठेवायची ती बी घर घेणाऱ्यानंच. ते ऐकून आधीची गिऱ्हाईकं पळाली. चालायचं दुसऱ्यांनी अन् मुरूम टाकायचा आपण, कोण करतं असली उठाठेव?

मामांनी केली. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून हयात गेलेली, सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत. जनकामामीला एकच हौस होती, जिथून कुणी 'खोली खाली करा' म्हणणार न्हाई असं एक दार. अन् मामांना वाटेचं ओझं वाटलंच न्हाई. त्यांच्या गावी त्यांच्या वस्तीला धड वाटच नव्हती. एका पावसाळ्यात आजारी आईला बाजेवर घालून चिखलातून न्यावं लागलं होतं. "माझ्या दारावरून कुणाला बाजेवर न्यायची पाळी येणार न्हाई," असा शब्द रामप्रसादजींना देऊन त्यांनी सही केली.

घराला दोन दगडी पायऱ्या होत्या. राहायला आली त्याच दिवशी मामी खालच्या पायरीवर बसून तांदूळ निवडू लागली. मी शिलाईची मशीन सोडून बघायला गेले तर म्हणाली, "ये निता, बस. आपली पायरी हाय." तेव्हापासून संध्याकाळचा आमचा अड्डा तिथंच.

पण मामा त्या वाटेच्या पार नादी लागले. दर साली मिरगाच्या आधी ट्रॉलीभर मुरूम यायचा. डोक्याला रुमाल बांधून स्वतः पसरायचे, पाणी मारायचे, धुम्मस घेऊन ठोकायचे. साऱ्या गावात काळा चिखल, अन् आमच्या वाटेवर चपलेला माती लागत नव्हती. पाहुणे विचारायचे, तुमच्याकडचा मेंबर कोण हाय बुवा?

आता मुरूम काय हवेत जातो? वाट दर साली दोन-तीन बोटं वर येऊ लागली. आधी खालची पायरी गेली, मामी वरच्या पायरीवर बसू लागली. मग ती बी गेली अन् वाट उंबऱ्याला भिडली. मामी कुरकुरली तर मामा म्हणाले, "चढायची तकलीफ वाचली की." असा राग आला मला त्या माणसाचा!

गेल्या श्रावणात व्हायचं तेच झालं. सकाळी धो धो पाऊस आला अन् वाटेवरचं सगळं पाणी सरळ घरात. गव्हाची कोठी भिजली, गाद्या भिजल्या, डाळीचा डबा तरंगला. मी धावत गेले तर मामी परातीनं पाणी उपसून राहिली, अन् मामा बाहेर, वाटेला कुठं खड्डा पडला का ते बघून राहिले. मी तोंड सोडणारच होते, तेवढ्यात ते आत आले.

"उंबरा दोन विटा वर घेऊ," ते म्हणाले.

"अन् पुढच्या साली?" मामीनं विचारलं.

"मंग फरशी वर घेऊ."

"वाट वर, फरशी वर. छत तर तिथंच हाय. आपण काय वाकून राहायचं?"

"शब्द दिलाय मी. वाट उकरली अन् चिखल झाला तर? मागच्या पेमाच्या सुनेचे दिवस भरत आलेत. ऑटो दारापर्यंत आला पाहिजे."

मामीनं परात खाली ठेवली. आवाज बिलकुल चढवला न्हाई. "भाड्याच्या घरात पाणी आलं तर मालकाला बोलता येत होतं. इथं मी कुणाला बोलू?"

मामा त्या ओल्या फरशीवरच बसले.

संध्याकाळी ते आमच्या चारही घरी आले. वाट दोन पायऱ्या खाली घ्यायची, पण एका वक्ताला अर्धीच, म्हणजे ऑटोला उरलेली अर्धी मोकळी राहील. "इजाजत हाय का?" म्हणाले. स्वतःच्या मालकीची वाट, अन् हा भला माणूस आम्हाला विचारून राहिला.

"करा की," पेमाभाऊ म्हणाले. "जिम्मेदारी तुमचीच हाय, कागदात हाय."

मी म्हणलं, "पेमाभाऊ, कागदात तुमच्या सुनेचं बाळंतपण बी हाय का? मुकाट्यानं फावडं आणा."

आणलं त्यांनी. पाऊस उघडल्यावर चारी घरं राबली. आधी पलीकडची अर्धी बाजू उकरली, मुरूम आमच्या अंगणांत टाकला, कडेनं पाण्याला नाली काढली. कळा सुरू झाल्या तशी पेमाभाऊंची सून कोमल घराकडच्या अर्ध्या वाटेवरून ऑटोत बसून गेली. मामा ऑटोपुढं चालत, प्रत्येक दगड बाजूला सारत होते. कोमल लेकरू घेऊन परत आली, मग आमी घराकडची बाजू खणायला घेतली.

पायऱ्या निघाल्या तेव्हा मामांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. खुरप्यानं माती काढली, बादलीनं दगड धुतले. मामी दारात उभी होती. एक पायरी उतरली, दुसरी उतरली अन् खालच्या पायरीवर बसली. दगडावरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरले होते, माझे बी.

मामा जरा वेळ घुटमळले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या मिरगाला थोडा मुरूम टाकू ना?"

"टाका," मामी म्हणाली. "पण चार घरी इजाजत मागितली तुमी. पाचवं घर हे हाय."